कूलरमधली खुडूक

मी एकतीस वर्षं एस.टी. चालवली. डाव्या हाताला तापलेलं इंजिन, डोक्यावर पत्रा आणि समोर वैशाखातला रस्ता. रिटायर झालो त्या दिवशी डेपोतच जाहीर करून टाकलं, आता उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार सुपडूभाऊला कोणी उठवायचं नाही. खाट, कूलर आणि मी. बाकी बठ्ठं गेलं खड्ड्यात.

यंदा पारा पंचेचाळीसवर गेला. मी पडवीतून कूलर काढायला गेलो, तर आत कोंबडी! बाजूची जाळी निसटली होती आणि टाकीत मागच्या वर्षीचं गवत पडलेलं. बाईसाहेब त्यावर पसरून बसल्या होत्या. मी हात घातला तर मनगटाचं मांसच काढलं तिने.

माझी ओरड ऐकून बायको, भिकुबाई, धावत आली. "हात नका लावू! खुडूक बठेल शे ती. खाले अकरा अंडा शेतस. आठ दिन व्हई ग्यात."

"आठ दिवस? आणि मला आज सांगतेस?"

"तुमले सांगीसन काय? तुमी बठनार व्हतात का अंडासवर?"

पिलं निघायला अजून तेरा दिवस होते. कूलरशिवाय तेरा दिवस म्हणजे माझाच तेरावा घालावा लागला असता. पण भिकुबाईपुढे बोलायची सोय नव्हती. शेजारच्या इंदिराबाईकडच्या तुरेवाल्या कोंबड्याच्या वाणाची अंडी होती ती, एकेक निवडून ठेवलेली. भिकुबाईचा त्यांच्यावर भारी जीव.

मग मी डोकं चालवलं. भडगावला माझा पुतण्या कुंदन कोंबड्यांचा धंदा करतो, त्याला फोन लावला. "आबा, पन्नास अंडी उबवायचं मशीन रिकामंच पडलंय," म्हणाला आणि तासाभरात घेऊन आला. कोंबडीखालून अंडी काढायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. हाताला गोणपाट गुंडाळलं तरी अकरा अंड्यांना अकरा टोचे खाल्ले. कुंदनने अंड्यांवर पेन्सिलने खुणा केल्या, मधल्या खोलीत मशीन लावलं आणि साडेसदतीसवर ठेवलं.

"आता बिनघोर राहा आबा. जरा गार पडलं की मशीन आपोआप गरम करतं."

जास्त गरम झालं तर काय करतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कूलरमध्ये नवं गवत भरलं, टाकी भरली, पुढच्या खोलीत खाटेसमोर लावला आणि आडवा झालो. काय सांगू, स्वर्ग! वीस मिनिटं टिकला. मग मशीन केकाटायला लागलं. आकडा एकोणचाळीसच्या वर.

कुंदनला फोन केला. त्याने विचारलं, "आबा, खोलीत किती आहे?"

"बेचाळीस."

तो म्हणाला, "आबा, मशीन गरम करतं. थंड करत नाही."

"अरे गाढवा, मग खान्देशात ठेवतोस कशाला?"

"हिवाळ्यात मस्त चालतं ना!"

भिकुबाईने दोन अंडी कोंबडीपुढे ठेवून पाहिली. कोंबडीने लाथ मारली आणि गोठ्याकडे निघून गेली. ती आता बसणार नव्हती. भिकुबाईचे डोळे भरले. "अकरा जीव शेतस आत," एवढंच म्हणाली.

मी तापट आहे, कसाई नाही. खाटेसमोरचा कूलर उचलला आणि मधल्या खोलीत नेऊन लावला. खोली गार झाली, मशीन गप्प बसलं. मी अंगावर ओला टॉवेल घेऊन निंबाखाली. वर दर दोन तासांनी कूलरमध्ये पाणी ओतायचं कामही माझ्याकडेच. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची, ते तिच्याकडे.

चौथ्या दिवशी दुपारी शिव्या घालत बादली घेऊन आत गेलो. मशीनशेजारी गोधडी टाकून भिकुबाई गहू निवडत बसली होती. पदर खांद्यावर, केस वाऱ्याने भुरभुरत होते, आणि बाई चक्क गुणगुणत होती. मला बघितलं आणि चोरी पकडल्यासारखी उठली.

"अंडासवर ध्यान ठेवी राह्यनू," म्हणाली.

बादली हातातच राहिली. अकरा वर्षं झाली कूलर घेऊन. अकरा उन्हाळे त्याचं तोंड माझ्या खाटेकडे, आणि ही आत गॅससमोर भाकरी थापत. इकडे ये, असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. कोणी म्हणजे मीच. मला माझीच लाज वाटली. पण माझा गळा पडला ड्रायव्हरचा, लाज वाटली तरी ओरडूनच निघते.

"उठतेस कशाला? बस! अंडी सोडून कुठे चाललीस?"

ती बसली. त्यानंतर रोज दुपारी बसायची.

एकविसाव्या दिवशी नऊ पिलं निघाली. कुंदन पाहायला आला. "वा आबा! आता पिलांना ऊब हवी, वारा नको. पडवीत ठेवा. तुमचा कूलर सुटला एकदाचा."

भिकुबाईने लगेच गोधडीची घडी घातली. "चला, लावा तुमनी खाट."

पिलांची पेटी मी पडवीत नेली. कूलरला हात लावला नाही.

"दोन अंडी बाकी आहेत," मी म्हणालो. "त्यांना गार हवा लागेल. पाऊस पडेपर्यंत तरी."

"पण आबा, ती दोन तर खराब—"

रस्त्यात कुठेही गाडी थांबवा म्हणणाऱ्या पॅसेंजरकडे मी जसा बघायचो, तसा कुंदनकडे बघितलं.

भिकुबाई चाळीस वर्षं कोंबड्या बसवते. सडकं अंडं तिला लांबूनच कळतं. तरी तिने गोधडी पुन्हा उलगडली आणि भिंतीकडे सरकून माझ्यापुरती जागा केली.