होकार

"काय साहेब, आजीचा चहा पाणचट आहे की नाही?" आजोबांनी पाळण्यावर वाकून विचारले.

नुकत्याच झोपेतून उठलेल्या बाळाची मान छातीकडे झुकली, दोन्ही हात क्षणभर फाकले आणि पुन्हा अंगाशी आले.

"मंजूर! तीस वर्षं अर्ज खरडले मी, पण इतक्या झटपट मंजुरी एकाही साहेबानं दिली नाही."

"बाबा, थांबा, मी विचारतो," म्हणत मुलाने मोबाइल पुढे धरला. "साहेब, बाबांचा पगार वाढायला हवा ना?"

मान पुन्हा झुकली. सून हसता हसता दाराला टेकली. "आणि आईनं जरा झोपावं की नको?" त्यालाही होकार आला. साहेब कोणालाच नाराज करीत नसत.

आजीही हसली. ती लसीकरण केंद्रात परिचारिका होती आणि एकतीस वर्षे दुसऱ्यांची मुले पाहत आली होती. मान कधी धरली, ओळखीचे हसू कधी आले, खुळखुळ्याकडे कधी वळले, हे आयांना विचारून ती वाढीच्या पत्रिकेवरील चौकोनांत खुणा करी. "बाई, कौतुक जरा बाजूला ठेवा आणि नीट बघून सांगा," हे तिचे ठरलेले वाक्य होते. नातवाची पत्रिका मात्र तिने घरीच, कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. चौकोन संपले तिथे, खालच्या कोऱ्या ओळीवर तिने तारीख घालून स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : पाचवा महिना. विचारले की मान हलवून होकार देतो. पाचव्या महिन्यातले कोणतेही मूल होकार देत नाही, हे तिच्याइतके त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते; आणि लिहिताना तिचे पेन अडखळले नव्हते.

रविवारी दुपारी मुलगा आणि सून बाजारात गेली होती, आजोबा बाहेर वर्तमानपत्रावर पेंगत होते. ती पाळण्याशेजारी दुपट्यांच्या घड्या घालीत बसली होती. बाळ जागे झाले. खोलीत कोणीही काही विचारले नव्हते.

बाळाने मान झुकवली.

तिच्या हातातली घडी अर्धी राहिली. काही क्षण गेले आणि मान पुन्हा झुकली, हात फाकले, डोळे कुठेतरी वर ओढले गेले. मग पुन्हा. नाडी मोजायच्या सवयीने तिची नजर आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. सहा सेकंद. पुन्हा सहा. त्या निःशब्द खोलीला ते मूल अकरा वेळा हो म्हणाले, आणि अकराव्यानंतर कसल्याशा दमणुकीने बारीक आवाजात रडले.

ती त्याच्या चेहऱ्यासमोर वाकली आणि हसली. दुसऱ्या महिन्यात या हसण्याला त्याचे सगळे अंग उत्तर देत असे. आता त्याची नजर तिच्या गालावरून घसरून भिंतीवर गेली. ओल्या काचेवरून थेंब उतरावा तशी, कशालाही न धरता. शेवटचा कधी हसला होता हा? तिने कपाट उघडले. हसू आल्याची तारीख होती. येणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी पत्रिकेवर चौकोन होता. आलेले परत निघून गेले तर ते कुठे लिहायचे, हे छापणाऱ्यांना सुचले नव्हते आणि तिलाही एकतीस वर्षांत सुचले नव्हते.

पिशव्या खाली ठेवायच्या आधीच तिने सुनेला सांगितले.

"झटके? काहीतरीच काय, आई! तो ओळखतो आपल्याला. उत्तर देतो."

"कोणी विचारलं नव्हतं गं. मी एकटीच होते."

"पण तुम्हीच लिहिलंत ना? तुम्ही!" सुनेचा आवाज चिरकला. "मी म्हटलं होतं तुम्हाला, हल्ली हा माझ्याकडे बघत नाही. तुम्ही म्हणालात, लक्ष दुसरीकडे असतं, हुशार मुलं अशीच असतात."

ती तसे म्हणाली होती. तिने नाकारले नाही.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मेंदूचा आलेख काढून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, "हे केव्हापासून होतंय?"

"अठरा दिवस," ती म्हणाली. घरोघरच्या आज्या "झाले असतील आठ-पंधरा दिवस" म्हणतात. तिच्याकडे तारीख होती.

मुलाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर बाळाची मान झुकली आणि त्या लहानशा खोलीत घरभरचे हसणे फुटले. आजोबांचे "मंजूर!" ऐकू आले, मग तिचे स्वतःचे हसणे. डॉक्टरांनी बोटाने आवाज बंद केला आणि उरलेले पाहिले.

"झटके थांबायची शक्यता आहे," ते म्हणाले. "पण आलेख फार बिघडलेला आहे. जे गेलंय ते परत येईल, अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही."

"आधी आलो असतो तर?" सुनेने विचारले.

डॉक्टरांनी आजीकडे पाहिले आणि पुन्हा कागदाकडे. "आधी आलेलं केव्हाही बरं."

घरी आजोबा दारातच उभे होते. त्यांनी बाळाला घेतले, काहीतरी विचारायला तोंड उघडले आणि मिटले. त्या दिवसापासून ते त्याला नुसतेच बाळ म्हणू लागले.

झटके थांबावेत म्हणून रोज मांडीत एक इंजेक्शन द्यायचे होते. पहिले आजीनेच भरले. सून बाळाला मांडीवर घेऊन, डोळे घट्ट मिटून बसली. आजीने इवल्या मांडीची चिमूट धरली, सुई आत सरकवली आणि सवयीने रडणे ऐकायला थांबली. एकतीस वर्षांत हजारो मुले या क्षणी तिच्यावर ओरडली होती. लाल होऊन, मुठी आवळून, साऱ्या जगाची तक्रार करीत.

बाळ छताकडे पाहत राहिले. पापणीसुद्धा हलली नाही.

सुनेने डोळे उघडले. "रडला नाही?" तिच्या आवाजात त्या रविवारनंतर पहिल्यांदाच काहीतरी उजळले. "दुखलं नाही का हो त्याला?"

"नाही," कापूस दाबून धरीत ती म्हणाली. "माझा हात हलका आहे."

रक्त केव्हाच थांबले होते. तिने कापूस तसाच दाबून धरला.