हुकूम कोणाचा

“हुकूम कोनाचा, गुरुजी?” डफडं खांद्याला अडकवत बिसराम कोतवालानं विचारलं.

उद्या सव्वीस जानेवारी. नवी राज्यघटना लागू होणार होती. तिच्या पहिल्या ओळी शाळेत वाचायच्या होत्या आणि त्याची दवंडी द्यायची होती.

“लोकांचा,” यादोराव गुरुजी म्हणाले. “सुरुवातच तशी आहे. ‘आम्ही भारताचे लोक’. कोण्या राजानं दिलेली नाही, आपणच आपल्याला दिली. अमेरिकेतल्या लोकांनीही आपली घटना अशीच सुरू केली होती.”

बिसरामचा एक नियम होता, बापाकडून आलेला. ज्याचा हुकूम, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुकारायचा नाही. विलायतेचा बादशहा काही तालुक्याला, तिरोड्याला येत नसे, पण त्याच्या वतीनं तहसीलदार ओरडायचा, तेवढ्यावर भागायचं. लोक मात्र गावातच होते. बिसराम दारोदार निघाला.

“शामकला मावशी, उद्या शाळेत यायचा हुकूम देता का?”

“मी? कोनाले?”

“समद्यायले. तुमाले बी.”

“मंग मले काऊन विचारून राहिला? नाही येत म्हटलं त?”

“त तसं सांगा.”

मावशींनी एकदा घरात डोकावून पाहिलं. “देला हुकूम. पन घरच्याले सांगू नको.”

चैतराम म्हणाला, “भैयाजीले विचारून सांगतो.” आणखी चार घरांनी तेच सांगितलं. दिल्लीत अशी विचारपूस झाली होती की नाही, कोण जाणे. या गावात झाली.

भैयाजी म्हणजे गावचे जमीनदार, मालगुजार. ते ओसरीवरच होते.

“तुमी बी लोकच आहा,” बिसराम म्हणाला. “देता का हुकूम?”

“शामकलाच्या पंगतीत बसवतोस मले? दवंडी माझ्या एकट्याच्या नावानं दे. नाहीतर कोतवाली माझ्या गड्याची, खुशालची. अन् कोतवालीचं वावर बी त्याचंच.”

त्या वावरातलं धान हाच बिसरामच्या घरचा भात. त्यानं घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

“मंग घ्या ना भैयाजीचं नाव,” धुरपताबाई म्हणाली.

“मावशीनं हुकूम देला ना. कानानं ऐकला मी.”

“माझ्या तोंडून त नाही ऐकला. मले विचारलंच नाही तुमी.”

“विचारतो. देता का?”

धुरपताबाईनं कोपऱ्यातल्या धानाच्या ढोलीकडे बराच वेळ पाहिलं.

“जा, द्या दवंडी.”

संध्याकाळी गावानं ऐकलं. “ऐका हो! हुकूम आमा लोकायचा...”

सकाळी शाळेच्या दारात कोतवालीचं डफडं खुशालच्या खांद्याला होतं. आत बरेच जण आले होते. बिसराम उंबऱ्याशी घुटमळला. तीस वर्षं त्यानं माणसं जमवली होती, त्यांच्यात बसला कधी नव्हता.

“बस ना गा,” चैतराम म्हणाला, आणि त्याच्याकडे न बघता सतरंजीवर थोडा सरकला.