मनोऱ्यावरच्या घड्याळाचे दाते

मनोऱ्यावरच्या घड्याळातलं एक दातेरी चाक तुटलं आणि सुनेची सुट्टी वाया गेली. नवं चाक कापायचं तर दाते किती, ते हवं होतं. घड्याळजी ते विचारायला दारात उभा राहिला. त्या घड्याळाची देखभाल तिच्या सासऱ्यांनी तीस वर्षं केली होती.

"सगळं कॉम्प्युटरात आहे," सासरे म्हणाले.

कॉम्प्युटर म्हणजे माळ्यावरचं ते पिवळं पडलेलं धूड. खाली उतरवताना नवऱ्याची कंबर धरली. "पुढचं तुला जमेल," असं म्हणून तो आडवा झाला. ही पुस्तकांची मुद्रितं तपासणारी बाई. चुका शोधणं एवढंच तिला जमायचं. यंत्र सुरू केलं, तर पडद्यावर एकच ओळ आली: सुरू करायची डिस्क घाला.

"ती फ्लॉपी डिस्क कुठंय, बाबा?"

"होती. बुरशी लागली, म्हणून टाकली."

म्हणजे नवी करणं आलं. तिने आपल्या लॅपटॉपला जोडायला फ्लॉपीचा ड्राइव्ह कुणाकडून मागून आणला, ते यंत्र चालवणारी जुनी प्रणाली शोधून उतरवून घेतली आणि तिच्या फाइली कोऱ्या फ्लॉपीवर टाकल्या. पुन्हा तीच ओळ. नुसत्या फाइली टाकून भागत नाही, डिस्कच्या अगदी सुरुवातीलाही काही लिहावं लागतं, हे दुपारी कळलं. तेही केलं. आता यंत्र घरघरलं, खाकरलं आणि डिस्क वाचता येत नाही म्हणालं.

"तू हळू ढकलतेस," सासरे मागून म्हणाले. "जरा जोर लाव."

"तुम्ही बसा बघू."

ते बसले, पण तिच्या खुर्चीला खुर्ची लावून.

दुसऱ्या दिवशी जुन्या यंत्रांच्या एका नादिष्टाने फोनवर उलगडा केला. यंत्र तिच्या फ्लॉपीच्या जातीहूनही जुनं होतं; त्याला कमी क्षमतेची डिस्क लागे. फ्लॉपीच्या कोपऱ्यातलं जास्तीचं भोक चिकटपट्टीने बुजवून ती नव्याने तयार करायची. एवढ्याशा भोकापायी दोन दिवस डोक्याला ताप! तिने दात-ओठ खात पट्टी लावली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं.

यंत्र सुरू झालं. त्याच्या पोटातली चाकांची यादी उघडली. तुटलेल्या चाकापुढे आकडा होता: अठ्ठ्याहत्तर.

"बरोबर," सासरे म्हणाले. "अठ्ठ्याहत्तरच."

ती सावकाश वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आठवत होतं."

"मग कालच का नाही सांगितलंत? दोन दिवस मी इथे डोकं फोडून घेतेय."

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आठवत होतं, पण खात्री नव्हती. गेल्या आठवड्यात बाजारातून येताना गल्ली चुकलो. कुणाला बोललो नाही. चुकीचा आकडा दिला असता, तर चाक वाया गेलं असतं, आणि घड्याळजी म्हणाला असता, म्हातारा गेला कामातून."

तिचा राग गेला नाही. गल्ली चुकले आणि घरात कुणाला सांगितलं नाही, याचाच आता आला.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी येणार."

"जाऊ. पण आधी ही यादी कागदावर उतरवून घे," ते म्हणाले. "आणि अशीच आणखी एक डिस्क करून ठेव."

तिने कपाळावर हात मारला आणि चिकटपट्टीचं टोक शोधू लागली.