उलटे झिंगे

जेसीबीचा दात जमिनीला टेकण्याच्या आत सुचित्रा डबक्याच्या तळात उतरली आणि तिथेच मांडी घालून बसली. मे संपत आला होता. तळात पाण्याचा थेंब नव्हता. होती ती नुसती भेगाळलेली काळी माती. चालक लखीरामने इंजिन बंद केले, विडी पेटवली आणि या तंट्यात आपण कोणाच्याच बाजूचे नाही हे दाखवण्यासाठी मुकुटबनच्या रस्त्याकडे तोंड केले.

योजनेचे पर्यवेक्षक नंदकिशोर गावंडे काठावर उभे होते. कापूस पिकवणाऱ्या माणसांनी मरू नये म्हणून दूर कुठे तरी एक पॅकेज मंजूर झाले होते आणि त्यात दुःखनिवारणाची मापे ठरवून दिलेली होती: शेततळे एवढे लांब, एवढे रुंद, एकावर एक दोन माणसे उभी राहतील एवढे खोल. गावंडे वाईट मनुष्य नव्हते. सोमवारी समिती पाहणीला येणार होती आणि समितीला पाहण्याजोगे काहीतरी असावे, एवढीच त्यांची कळकळ होती.

“उठा ना मॅडम. किड्यांपायी या शेतवाल्या बाईचं तळं अडवून राह्यल्या तुम्ही.”

किडे म्हणजे झिंगे. पावसाळ्यात हे डबके भरले की बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे झिंगे त्यात पाठीवर, उलटे पोहत. डबके आटले की ते मरत. मातीत उरत ती त्यांची अंडी, धुळीच्या कणाएवढी. पांढरकवड्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी सुचित्रा कित्येक पावसाळे त्यांच्यासाठी इथे येत होती. आजूबाजूचे सारे शिवार पालथे घातले तरी ते तिला दुसरीकडे सापडले नव्हते.

“ही काळी माती वीतभरच आहे, गावंडे साहेब,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “पाणी थांबतं ते हिच्यामुळे. खाली सगळा मुरूम आहे. ही फोडलीत तर थेंब राहणार नाही. त्यापेक्षा भोवतीचा बांध उंच करा.”

“मापात बांध नाही ना मॅडम. मापात खड्डा आहे.”

शेत बेबीताईचे होते. आतापर्यंत ती कळशी कडेवर घेऊन दोघांचे ऐकत उभी होती. गेल्या साली पावसाने दडी मारली आणि तिचा कापूस बोंडावर येऊन वाळला; एका पाण्याचे ओलीत मिळाले असते तर तो वाचला असता. तळे तिला हवे होते. ती खाली उतरली आणि सुचित्रासमोर उकिडवी बसली.

“मॅडम, खरं सांगजा. हे झिंगे नसते, तरी तुम्ही हेच बोलल्या असत्या?”

‘हो’ म्हणणे सोपे होते. पण दुसऱ्यांच्या निष्कर्षांमागचा स्वार्थ शोधण्यात ज्या बाईची उमर गेली, तिला स्वतःची झडती घेतल्याशिवाय तोंड उघडता येईना. वेळ लागला. तो वेळ सर्वांनी पाहिला.

“झिंगे नसते तर मी इथे आलेच नसते,” ती अखेरीस म्हणाली. “मुरूम मात्र असताच.”

गावंडे हसले. बेबीताई हसली नाही.

“लखीराम,” तिने हाक दिली, “एक दात मार. तिकडं कडेले. एकच.”

सुचित्रा उठून बाजूला झाली. त्या एका दातात किती अंडी जातील हे ती जाणून होती. बकेट रुतले, काळ्या मातीची ढेकळे कडेला पडली आणि खालून पिवळा मुरूम उघडा पडला. बेबीताईने अर्धी कळशी काळ्या मातीवरच्या एका खळग्यात ओतली. पाणी तिथे आभाळ दाखवत थांबले. उरलेली अर्धी तिने मुरमात ओतली. मुरमाने ती पिऊन टाकली आणि ओलही लपवली.

“अस्तर येते ना नंतर,” गावंडे म्हणाले. “प्लास्टिकचं. पुढच्या टप्प्यात.”

“पुढचा टप्पा कधी?”

गावंड्यांनी रुमालाने मान पुसली.

“साहेब, समिती पाणी पाहाले येऊन राह्यली, का खड्डा?”

“मे महिन्यात पाणी कुठून असन? खड्डाच.”

“मंग तिकडं खणा.” बेबीताईने शेताच्या वरच्या टोकाला असलेल्या बरडाकडे हात केला. “तिथं गवत बी येत नाही. पाणी थांबणारच नसन तं ते इथं न थांबण्यापरीस तिथं न थांबू द्या. अन् निंघालेला मुरूम या बांधावर आणून टाका. वरून काळी माती मी लिंपीन.”

“फोटोत खड्डा खड्डाच दिसते, साहेब,” लखीराम रस्त्याकडे पाहतच म्हणाला.

गावंड्यांनी मनाशी मापे आठवून पाहिली. लांबी होती, रुंदी होती, खोली होती. पाण्याविषयी त्यांत काहीच म्हटलेले नव्हते. त्यांनी मान हलवली आणि जेसीबी धूर सोडत बरडाकडे निघाला.

तळात दोघी उरल्या. सोमवारी त्या खड्ड्याकाठी समितीचा फोटो निघेल आणि डबके त्यानेच वाचले असल्याने त्याविषयी आपल्याला कधीच काही बोलता येणार नाही, हे सुचित्राच्या एव्हाना ध्यानात आले होते. ती साडीची माती झटकत राहिली.

“आता माह्यं ऐका,” बेबीताई म्हणाली. “पाऊस दडला की मी इथं पाण्याचं इंजिन लावीन. कापसाले पाणी देईन. मंग तुमचे झिंगे राहो का मरो.”

“माहीत आहे.”

“त्याईनं अंडी घालाच्या अगोदरच उपसलं तं?”

‘थोडं थांबा’ असे म्हणता आले असते. बेबीताई कदाचित थांबलीही असती, कापूस वाळेपर्यंत, आणि सुचित्राला भीती होती ती त्याचीच.

“उपसा,” ती म्हणाली. “सगळी अंडी एका पाण्याला फुटत नाहीत. काही तशीच राहतात मातीत. डबकं भरलं तरी.”

“काहून?”

“आलेलं पाणी टिकेल याचा भरवसा नसतो म्हणून.”

बरडावर दगडाशी लोखंड घासल्याचा आवाज सुरू झाला. बेबीताईने तिकडे पाहिले.

“अन् आमी,” ती म्हणाली, “एक सर पाह्यली की घरातलं सारं बियाणं टाकून मोकळे.”

मग तिने कडेचे एक काळे ढेकूळ उचलले, तळहातांत चुरले आणि उघड्या मुरमावर पसरले. सुचित्रा तिच्या शेजारी बसली व दुसरे ढेकूळ शोधू लागली.