कानवाल्या ताईंची मोटरसायकल

दवाखान्याच्या पाटीवर ‘श्रवण तपासणी केंद्र’ असं लिहिलं होतं, पण ते कुणी वाचायच्या भानगडीत पडत नसे. सगळे त्यांना कानवाल्या ताईच म्हणायचे. कमी ऐकू येणाऱ्यांचे कान तपासायचे, ऐकायचं मापाचं मशीन कानात बसवून द्यायचं, आणि ते मशीन घरी जाऊन कपाटात पडू नये म्हणून त्या माणसाच्या हात धुऊन मागे लागायचं, हे त्यांचं काम. त्यातलं तिसरं सगळ्यात अवघड.

मंगळवारी आणि शुक्रवारी ताई डोंगरापलीकडच्या गावांना जायच्या, कारण तिथल्या म्हाताऱ्यांना शहरापर्यंत येणं झेपत नसे. आधी बसने जायच्या. मग बसच्या फेऱ्या कमी झाल्या, म्हणून स्कूटर घेतली. चढावर स्कूटर धापा टाकायची आणि मागे बांधलेली तपासणीची पेटी दर वळणावर घसरायची. घरात व्हॅन होती, पण ती नवऱ्याच्या बेकरीची. सकाळी तिच्यात माणसांना नाही, पावांना जागा असे.

“मी मोटरसायकल घेते,” एका रविवारी ताई म्हणाल्या. वय चव्वेचाळीस. लग्नाआधी भावाची मोटरसायकल त्यांनी त्याच्यापेक्षा जास्त चालवली होती.

“घे की,” नवरा म्हणाला. “मला फक्त मागे बसायला सांगू नकोस.”

शोरूममधल्या विक्रेत्याने ताईंना आधी सगळ्यात मोठी गाडी दाखवली. तिला टीव्हीसारखा रंगीत पडदा होता, चालवायच्या सात पद्धती होत्या, आणि सीट इतकी उंच की ताईंचा एक पाय टेकला की दुसरा अधांतरी. मग त्याने लाल रंगाची एक रेसची गाडी दाखवली. तिच्यावर ताई भिंतीवरच्या पालीसारख्या पालथ्या पडल्या आणि तशाच उठल्या. मनगटं लगेच कुरकुरायला लागली होती.

“ती कोपऱ्यातली?” त्यांनी विचारलं.

ती राखाडी होती. मधल्या आकाराची, दोन सिलिंडरची. पुढून निम्मं अंग झाकणारं कवच, वारा अडवायला एक काच, आणि ती काच खालीवर करायला दोन साधे स्क्रू. हँडल जरासं वर आलेलं, त्यामुळे बसल्यावर पाठ किंचित पुढे झुकायची, पण भार मनगटांवर यायचा नाही. दोन गोल काटे, मोठी टाकी, दोन्ही बाजूंना पेट्या अडकवायच्या खुंट्या.

“ती साधी आहे, मॅडम,” विक्रेता म्हणाला.

“साधी म्हणजे?”

तो विचारात पडला. “म्हणजे, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.”

ताई चक्कर मारायला पंधरा मिनिटांसाठी म्हणून गेल्या आणि पन्नास मिनिटांनी आल्या. तोवर विक्रेत्याने दोनदा रस्त्यावर जाऊन डोकावून पाहिलं होतं. गाडी ताईंनी नजर टाकावी तिकडे वळत होती. तिसऱ्या गिअरमध्ये चढ आला तरी ती कण्हत नव्हती, आणि वेग वाढला तरी अंगावर येत नव्हती. उतरल्यावर ताईंनी मान, पाठ, मनगटं चाचपून पाहिली. कुठेच काही दुखत नव्हतं.

“हीच,” त्या म्हणाल्या. घरी नवऱ्याने कारण विचारलं तेव्हा त्यांना एवढंच सुचलं, “ही मला सारखं काही विचारत नाही. मी म्हणते तिकडे जाते.”

“मीही तेच करतो,” नवरा म्हणाला, “पण माझं कुठे एवढं कौतुक होतं.”

घरात ताईंचे सासरेही होते. पंप बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा फोरमन म्हणून. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना फोरमनच म्हणायची. मशीनच्या गोंगाटात कान गेले होते, पण हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्ही ते इतका मोठा लावत की शेजारी बातम्या फुकटात ऐकत. ताईंनी त्यांच्यासाठी आणलेलं मशीन दोन वर्षं डब्यातून बाहेर आलं नव्हतं. “कानवाल्या ताईंचा सासराच बहिरा,” असं लोक हसून म्हणत, आणि ताईंना ते लागायचं.

नव्या गाडीभोवती फोरमननी मागे हात बांधून तीन चकरा मारल्या. मग गुडघ्यावर बसून सांधे पाहिले.

“वेल्डिंग बरं आहे,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच पावती होती. “पण पडली तर उचलणार कोण? दोनशे किलोचं धूड आहे.”

बोलून उपयोग नव्हता, चारदा सांगावं लागलं असतं. ताईंनी गाडी घरामागच्या गवतावर नेली आणि हळूच आडवी केली. मग सीटला पाठ लावली, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरली, आणि पायांच्या जोरावर एकेक पाऊल मागे सरकत गाडी उभी केली. चेहरा लाल झाला होता. फोरमन बघत राहिले.

“पाठ वापरली नाहीस, पाय वापरलेस,” ते म्हणाले. “कुणी शिकवलं?”

“पुस्तकात होतं, बाबा.”

“आं?”

“पुस्तकात.”

“हां, मस्त काय,” फोरमन म्हणाले आणि आत गेले.

पुढे महिनाभराने, एका सोमवारी, डोंगरापलीकडून फोरमनच्या मोठ्या बहिणीचा निरोप आला. आक्कांच्या घरचा पाण्याचा पंप बंद पडला होता. गावातला मेकॅनिक बघून गेला, पण आक्कांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. भाऊ पंपाच्या कारखान्यात फोरमन होता, तर दुसऱ्याने हात का लावावा? बस उरली नव्हती आणि व्हॅनमध्ये पाव होते. फोरमननी बराच वेळ हनुवटी खाजवली.

“तुझ्या त्या गाडीला मागे बसायला धड जागा आहे का?” त्यांनी सुनेला विचारलं.

मंगळवारी सकाळी एका पेटीत तपासणीचं सामान गेलं, दुसरीत फोरमनच्या हत्यारांची गुंडाळी. हेल्मेट नवऱ्याचं होतं. गाडी घेतली तेव्हा ताईंनी आतून एकमेकांशी बोलता येईल अशी दोन हेल्मेटं घेतली होती. नवऱ्याने त्यातलं एक एकदाच घातलं आणि परत आल्यावर जमिनीवर बसून राहिला होता. ताईंनी ते फोरमनच्या डोक्यावर नीट बसवलं, आतल्या स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

“बाबा, पाय टेकलेत का नीट?”

मागे फोरमन दचकले. “ओरडतेस कशाला? इथेच आहे मी.”

“ओरडले नाही.”

“टेकलेत,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “आज स्पष्ट बोलते आहेस. रोज असं बोलायला काय होतं?”

ताईंनी ओठ चावला आणि गिअर बदलला.

डोंगराचा रस्ता सुरू झाला. गाडी एका वळणातून दुसऱ्यात अशी झुकत जात होती की फोरमननी धरलेली दांडी चौथ्या वळणाला सैल केली आणि सातव्याला सोडूनच दिली. काचेमुळे वारा डोक्यावरून जात होता. ताई वाटेतली गावं सांगत होत्या, आणि फोरमन त्यांना दुसरा गिअर कधी टाकायचा ते सांगत होते. मग ते कारखान्याबद्दल बोलायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी पंप उलटा जोडला आणि साहेबांच्या अंगावर कारंजं उडालं, ही गोष्ट ताईंनी एकोणीस वर्षांच्या संसारात कधी ऐकली नव्हती. त्यांनी पुढे विचारलं, फोरमननी उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर आलं. तासभर झाला, एकदाही ‘आं?’ नाही. ताईंचे डोळे उगाचच भरून आले, पण हेल्मेटमध्ये ते कुणाला दिसत नव्हतं.

माथ्यावर चहाचं दुकान होतं. दोघांनी हेल्मेटं काढली.

“साखर किती?” दुकानदाराने फोरमनना विचारलं.

“पंच्याहत्तर,” फोरमन म्हणाले. “पण वाटत नाही ना?”

दुकानदार ताईंकडे बघायला लागला. ताई हळूच म्हणाल्या, “एक चमचा.” फोरमनच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. त्यांनी हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं, ते पुन्हा डोक्यावर चढवलं, पुढची काच वर केली आणि तसाच चहा प्यायला सुरुवात केली. ताईंनीही आपलं हेल्मेट घातलं. बाजूच्या बाकावरची माणसं चहा विसरून या दोघांकडे बघत बसली.

“यात काय बसवलंय?” फोरमननी विचारलं.

“स्पीकर. आवाज सरळ कानाशी येतो.”

“म्हणजे तू रोज असंच बोलतेस.”

“हो, बाबा.”

फोरमननी कप ठेवला. “चल, उशीर होतोय,” एवढंच ते म्हणाले.

आक्का दारातच उभ्या होत्या. वय ब्याऐंशी, दोन्ही कानांत ताईंनीच बसवलेली मशीनं. भाऊ मोटरसायकलवरून उतरताना पाहून त्या इतक्या हसल्या की दाराची चौकट धरावी लागली. फोरमन सरळ मागच्या अंगणात पंपाकडे गेले. आतला दांडा गंजून अडकला होता. अर्ध्या तासात त्यांनी तो सोडवला, साफ केला, बटण दाबलं. पाणी वर चढायला लागलं.

“झालं,” ते हात पुसत म्हणाले.

“काय झालं? ती घरघर कसली येतेय मग?” आक्का म्हणाल्या.

“कसली घरघर?”

“अरे, एवढी येतेय. कुणी तरी खडे भरडतंय असं वाटतंय. तुला ऐकू येत नाही?”

फोरमन थांबले. त्यांनी पेचकसाचं टोक पंपाला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. तेव्हा कुठे त्यांना कळलं. बेअरिंग गेलं होतं. हाच माणूस एके काळी कारखान्यातल्या जेवणाच्या टेबलावरून सांगायचा, की त्या टोकाच्या सातव्या पंपाचं बेअरिंग बघा. आणि आज जिने आयुष्यात कारखान्याचं फाटक पाहिलं नाही ती आक्का त्याला सांगत होती. फोरमननी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून बेअरिंग आणलं, बसवलं, आणि पुन्हा मूठ हाडाला लावून खात्री करून घेतली.

ताई तोवर ग्रामवाचनालयाच्या खोलीत बसल्या होत्या. त्या दिवशी नऊ जण आले होते. कुणाचं मशीन शिट्टी मारत होतं, कुणाच्या बॅटरीवरचा कागदच काढलेला नव्हता. नववी बाई उठून गेली आणि ताईंनी मान वर केली, तर शेवटच्या खुर्चीवर फोरमन बसले होते. हात धुतलेले, भांग पाडलेला.

ताईंनी चेहरा सरळ ठेवला. नवा कागद घेतला. “त्रास कधीपासून आहे?”

“त्रास मला नाही,” फोरमन म्हणाले. “घरच्यांना आहे.” मग सुनेच्या ओठांकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, “सगळे हसले की मीही हसतो. विनोद काय होता ते मला बऱ्याच वर्षांत कळलेलं नाही.”

ताईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. बारीक आवाज येई तेव्हा हात वर करायचा होता. फोरमन डोळे मिटून, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे हात वर करत होते. पुष्कळ वेळा तो हात खालीच राहिला. तपासणी संपल्यावर ताईंनी पेटीतली एक जोडी त्यांच्या आकड्यांप्रमाणे जुळवली आणि कानांत बसवली.

“कागद किती वाजतो,” फोरमन म्हणाले. मग पाय घासून पाहिला, खुर्ची सरकवली, टाचणीच्या डबीवर टिचकी मारली. उठून ते थेट बाहेर गाडीपाशी गेले.

“सुरू कर.”

ताईंनी गाडी सुरू केली. फोरमन वाकून, डोकं तिरकं करून ऐकत राहिले. आधी आरामात, मग जरा वेग देऊन, मग पुन्हा आरामात.

“दोन्ही सिलिंडर एका तालात आहेत,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, आवाजच नसेल हिला, इतकी गप्प वाटायची. हिला आवाज आहे. फक्त बढाई नाही.” मग त्यांनी चाक फिरवलं आणि कपाळाला आठी घातली. “साखळी मात्र सैल आहे. तुला ऐकू आलं नाही?”

“नाही, बाबा.”

“कान तपासून घे,” फोरमन म्हणाले आणि हत्यारांची गुंडाळी उघडली.

परतीच्या वेळी हेल्मेट चढवताच मशीनं शिट्टी मारायला लागली. ताईंनी ती काढून डबीत ठेवायला सांगितली, हेल्मेटमध्ये स्पीकर आहेच म्हणून. फोरमन आधी अडून बसले. तीन वळणं शिट्टी सहन केली आणि मग निमूटपणे गाडी थांबवायला लावली. आक्कांनी बरोबर दिलेला लिंबांचा पिशवीभर ढीग पेटीत कसाबसा मावला होता, पण गाडीला त्याचा काही फरक पडला नाही. ऊन तिरपं झालं होतं. उतारावर ती इंजिनाच्या लगामावर शांतपणे येत होती, आणि फोरमन मागून येणाऱ्या दोन मोठ्या गाड्यांना वाट द्यायला सांगत होते. “जाऊ दे त्यांना. आपल्याला कुठे रेस जिंकायचीय.”

घरी मशीनं पुन्हा कानांत घालून टीव्ही लावल्यावर फोरमननी स्वतःच कानावर हात ठेवला आणि आवाज अर्ध्यावर आणला. नवऱ्याने टीव्ही चालू असताना पहिल्यांदाच भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकली. तो बायकोकडे बघायला लागला. “डोंगरावर काय झालं?”

“गाडी चांगली आहे,” ताई म्हणाल्या.

तेव्हापासून मंगळवार फोरमनचा झाला. वाचनालयाच्या खोलीत त्यांनी दाराजवळचं टेबल घेतलं. बॅटऱ्या बदलायच्या, मशीनं ब्रशने साफ करायची आणि मशीन नको म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला चहाला बाहेर न्यायचं, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. तिथे काय बोलणं व्हायचं कोण जाणे, पण तो म्हातारा परत येऊन खुर्चीवर बसायचा. ताईंना जे वर्षभर जमलं नव्हतं ते फोरमन एका कपात करायचे.

पावसाळा सरल्यावर पलीकडच्या खोऱ्यातल्या दोन गावांतूनही बोलावणं आलं. तिकडचा रस्ता दुप्पट लांब होता. ताई जरा घुटमळल्या. फोरमननी टेबलावर नकाशा पसरला आणि पेन्सिलीने वळणं मोजायला घेतली.

“एकशे बारा,” ते शेवटी म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. “सकाळी सातला निघू. आणि हे बघ, वाटेत दोनदा थांबायचं. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. तू हल्ली फार बोलतेस, घसा बसेल.”