सावळाचा सांगावा

अपेक्षाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र शब्दकोशाच्या जाड खंडाखाली ठेवलं होतं, एक कोपरा बाहेर दिसेल असं. विसरलो असं स्वतःला सांगता येऊ नये, एवढाच हेतू. पत्रात तिने एकच गोष्ट विचारली होती: चिमाबाईंना त्यांचा भाऊ गेल्याची बातमी कधी कळली?

अपेक्षा विद्यापीठात माध्यमांचा अभ्यास करते. डोंगरातल्या वाड्यांवर बातमी कशी पोचते, असा तिचा आणि तिच्या सुहास सरांचा संशोधनाचा विषय होता. मी तळेगावच्या वाचनालयात नोकरीला असताना पुस्तकांची पेटी घेऊन आंदर मावळातल्या शाळांत जायचो. त्या ओळखीवर सुहास सरांनी मला सोबत चलायला सांगितलं. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी गेलो. संशोधनाला माझा काय उपयोग होणार, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

उन्हाळा होता. भाताच्या रोपांसाठी लोक शेतात पालापाचोळ्याचा राब भाजत होते आणि खोऱ्यात धूर साचला होता. टाकव्यापर्यंत एसटी मिळाली, पुढे आम्ही चालत गेलो. चिमाबाईंनी पडवीत घोंगडी टाकली. अपेक्षाने फोन मधोमध ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पहिला प्रश्न विचारला, की तुम्हाला बातमी कशातून कळते?

"तोंडातनं," चिमाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं दुसरीकडनं निगती का?"

सुहास सर सगळ्यांच्या आधी हसले. मग बरंच बोलणं झालं. टीव्ही बंद पडला तो पडलाच, पेपर कधी किराण्याच्या पुडीला येतो तेवढा. सून निर्मला फोन वापरायची. म्हातारीला रील दाखवली तर ती म्हणते, येवड्याशा डबीत मानसं नाचून दमत कशी न्हाईत, असं तिने सांगितलं. शेवटी अपेक्षाने दोघींना विचारलं, की गेल्या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी कोणती?

निर्मला म्हणाली, "सावळामामा गेलं ती. दिवाळीच्या तोंडावर. ह्या सासूबाईंचा भाऊ. त्याच सांजंला फोनवर आलं सगळं, फोटूबिटू."

अपेक्षाने मान वळवली. "आजी, तुम्हाला कधी कळली?"

"मला न्हाई आली बातमी अजून."

"असं काय करता? म्याच दाखवला की तुमाला फोटू."

"फोटू दाखवलास. सांगाया कोन आलतं?"

निर्मला उठून आत गेली. चिमाबाई अंगणाकडे बघत राहिल्या. अपेक्षाने पुढे काही विचारलं नाही, आणि त्याबद्दल ती मुलगी मला आवडली.

निघताना निर्मला आम्हाला ओढ्यापर्यंत सोडायला आली. रागाने बोलत होती. माहेरी कुणी गेलं की तिथल्या माणसाने यायचं, अंगणात उभं राहून सांगायचं, असा इकडचा रिवाज. त्याला सांगावा म्हणतात. सांगावा आला की बाईने आंघोळ करायची, रडायचं, माहेरी जायचं. न आल्यास नाही. "फोनवर मी हात जोडल्यालं पाठवलं आन् गप बसले. ह्या नुसत्या वाट बगत. डोळ्याला पानी न्हाई. भाऊबीजेला ववाळायचं ताट मांडून ठेवलं. मी म्हनलं, कुनासाठी? तर म्हनतात, मला कुनी सांगितलंय का त्यो गेला म्हनून?" ओढ्याच्या पलीकडे आलो तरी ती तिथेच उभी होती. "वर्षश्राद्धाला तरी बोलावतील का वो, कुनी येऊन? न्हाई आले तर म्हातारीचं माहेर मिटलं. ती आपल्या पायानं जायाची न्हाई."

पावसाळ्यात अपेक्षाचं पत्र आलं. मी फोनवरचे निरोप वाचत नाही हे ठाऊक असल्यामुळे तिने पोस्टाने पाठवलं होतं. सोबत चिमाबाईंच्या माहितीच्या कागदाची प्रत होती. त्यात ‘बातमी केव्हा मिळाली’ आणि ‘कशातून’ हे दोन रकाने कोरे होते. तिने लिहिलं होतं, की एकाच घरातली दोन उत्तरं जुळत नाहीत. सरांचं म्हणणं, खात्री करून घ्या, नाहीतर हे घर वगळा. ते म्हणतात ते बरोबर आहे, पण मला वगळायचं नाही. काका, तुम्हाला काय वाटतं, कोणतं उत्तर खरं?

मला काय वाटतं, असं मला फारसं कुणी विचारत नाही. मी दोन-तीनदा कागद घेतला. ‘त्याच संध्याकाळी, फोनवरून’ असं लिहिणं सोपं होतं आणि ते खोटंही नव्हतं. लिहवेना.

भाद्रपद संपत आला तेव्हा मी उर्से टोलनाक्यावर गेलो. सावळाचा मुलगा माऊली तिथे काम करतो, हे निर्मलाकडून कळलं होतं. घर लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, वाडीतच. ज्या गाडीचा टॅग वाचला जात नाही तिच्या काचेला हातातलं यंत्र लावायचं, हे त्याचं काम. सुट्टी झाल्यावर तो मला नाक्यामागच्या टपरीवर घेऊन आला. पोस्टातून आलोय की बँकेतून, हे त्याने आधी विचारून घेतलं.

आत्याचं नाव काढल्यावर त्याने चहा खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला. वर्षभरापूर्वीचा निरोप त्याने जपून ठेवला होता. सावळाचा टोपीतला फोटो, चारी बाजूंनी फुलं, खाली जोडलेल्या हातांच्या ओळी.

"हे बगा. हे निर्मलावैनीचे हात. म्हंजी घरात कळलं व्हतं का न्हवतं?"

मी म्हणालो, कळलं होतं.

"मंग आत्या का न्हाई आली? सख्खा भाऊ. आमी मढं दुसऱ्या दिशी दुपारपतुर ठिवलं तिच्यापायी. लोक इचारत व्हते, काय भांडान हाये का म्हनून. काय सांगायचं?"

आत्या सांगावा आणणाऱ्या माणसाची वाट बघत होत्या, एवढंच मी म्हणालो. माझं बोलणं नीट ऐकू गेलं नसावं असं वाटून पुन्हा सांगितलं. कुणी येऊन सांगेल म्हणून थांबल्या होत्या. अजून थांबल्यात.

नाक्यावर ट्रकचे ब्रेक वाजत होते. माऊलीने फोन पँटवर पुसला आणि खिशात घातला.

"आमच्या वाडीचा सांगावा बाबाच न्यायचा," तो म्हणाला. "कुनाच्या घरी काय झालं की आदी आमच्या दारात यायचे. सावळा, निघ बाबा. रात असू दे न्हाईतर पाऊस. इंद्रायनी उतरून, डोंगर चढून आंदर मावळात जायचा. त्योच गेला." मग म्हणाला, "त्याचा कुनी न्यायचा, हे कुनाच्या ध्यानातच न्हाई आलं."

चहावर साय धरली होती. मी त्याला म्हणालो, आता जा. तो मान हलवत राहिला. वर्ष होत आलं, कोणत्या तोंडानं जाऊ, आत्या काय म्हणंल, असं काहीबाही बोलला. मग माझ्याकडे, माझ्या चपलांकडे बघून म्हणाला, "तुमी जाता का सर? ह्या वयात तुमाला सांगू न्हाई. पन माझं नाव घेऊन सांगितलं तर चालंल."

मी या कामाचा माणूस नाही असं सांगणार होतो.

"वर्षश्राद्धाला मी गाडी घिऊन न्यायला येईन, त्ये पन सांगा. आन् घरात जाऊ नका. बसू नका. पानी दिलं तरी घिऊ नका. बाबा तसंच करायचा. मानूस पानी न घेता हुबा ऱ्हायला की समोरच्याला निम्मं कळतं, म्हनायचा."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. टाकव्याच्या पुढे भात पोटरीला आलेलं, वाट ओली. चढाला दम लागला की थांबत होतो आणि वाक्य जुळवत होतो. मला लोकांत बोलायचं असलं की मी ते आधी मनात लिहून काढतो. एकही जमलं नाही.

चिमाबाई पडवीत हुलगे निवडत होत्या. मला बघून त्यांनी हाक मारली, "या, पुस्तकवालं भाऊ. पोरगी न्हाई आनली सवाल इचारनारी?" मी अंगणातच थांबलो. वर या म्हणाल्या, मी गेलो नाही. निर्मला पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला तहान फार लागली होती. मी हात मागे घेतले.

निर्मला तशीच उभी राहिली. चिमाबाईंचा सुपातला हात थांबला. त्यांनी तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुनी धाडलं?"

"माऊलीनं."

त्यांनी सूप बाजूला सारलं. पदर डोक्यावर घेतला.

"मंग सांगा."

"तुमचे भाऊ सावळा गेले," मी म्हणालो. पुढची गाडीची आणि वर्षश्राद्धाची गोष्टही मी सांगितली, पण ती त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे. त्या उठून अंगणातल्या दगडावर येऊन बसल्या. निर्मलाने हंडा आणला आणि अंगावरच्या लुगड्यासकट त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. ती स्वतःही रडत होती.

"आता जावा भाऊ," चिमाबाई मला म्हणाल्या. "सांगावा दिल्यावं थांबू न्हाई."

मी वळलो. ओढ्यापाशी पोचलो तेव्हा त्यांचा आवाज आला. लांब, एकसुरी, मधे भावाचं नाव. खिंडीपर्यंत तो येत होता. पाणी मी टाकव्यात येऊन प्यालो.

घरी आल्यावर शब्दकोशाखालचं पाकीट काढलं. अपेक्षाला लिहिलं, की निर्मलाचं उत्तर खरं आहे, ते तसंच ठेव. चिमाबाईंचंही खरं होतं. त्यांना बातमी आज मिळाली. सरांना हे पटेल की नाही, मला सांगता येत नाही. कोऱ्या रकान्यात मी आजची तारीख घातली. ‘कशातून’ समोर ‘माणूस’ असं लिहिलं. कोण माणूस, हे कागदावर विचारलेलं नव्हतं.

सकाळी तळेगाव स्टेशनजवळच्या लाल पेटीत पाकीट टाकलं. पेटी रिकामी असावी. ते तळाला पडल्याचा आवाज आला.