मोडलेली पांढरी रेघ

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे. वीतभर लांब, सहा कडांच्या डोक्याचा. आता एका रंगाऱ्याच्या पेटीत वाळलेल्या कुंचल्यांशेजारी पडून असतो. दमलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

कारखान्यात मला लाल होईपर्यंत तापवले आणि तेलात बुडवले. मग भावंडांबरोबर पोत्यातून मी कालव्यावरच्या एका पायी पुलावर आलो. दोन पोलादी तुळया जिथे टोकाला टोक लावून भेटतात, तिथे वरून पोलादाची जाड पट्टी ठेवून आम्हा बारा जणांना बसवले.

लोकांना वाटते, बोल्ट म्हणजे खुंटी; सगळा भार तिच्या अंगावर. आमच्या सांध्यात तसे नव्हते. फिटरने लांब पान्याने नट आवळला, तसा मी केसभर ताणला गेलो. ताणलेला मी आखडायला बघतो आणि त्या ओढीने पट्टी तुळईवर दाबून धरतो. दोन खरखरीत पोलादे अशी दाबली की एकमेकांवरून सरकत नाहीत. भार पेलते ते घर्षण. माझे काम एवढेच, ओढ सोडायची नाही. घडीभरही नाही. मूठ आवळून एक तास बसून बघा, म्हणजे माझा शीण कळेल.

फिटरची एक सवय होती. नट आवळून झाले की तुळई आणि पट्टी या दोन्हींवरून जाणारी एक सरळ पांढरी रेघ तो ओढायचा. "रेघ मोडली की समजायचं, सांधा सरकला," असे तो धाकट्या भावाला सांगायचा. धाकटा भाऊ त्या पुलाचा रंगारी. दरवर्षी तो पूल रंगवायचा, दादाच्या रेघा तेवढ्या सोडून. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय झकास दिसतोय पूल!" आमचे नाव कोणी काढले नाही.

फिटरची बायको पलीकडच्या धुलाईघरात कामाला होती. ओल्या चादरींची हातगाडी ढकलत ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी आमच्यावरून जायची. पुढे काम वाढले आणि गाडी मोठी झाली. चौदाव्या वर्षी मला वाटू लागले की माझी ओढ कमी होते आहे. नट तर तसूभरही फिरला नव्हता. आतच काहीतरी दबत होते.

एका सकाळी ती गाडी मधोमध आली आणि पट्टी सरकली. टक्!

पुलाच्या टोकाला रंगारी कठडा घासत होता.

"भाऊजी, ऐकलंत? पूल बोलला."

"पूल कशाला बोलतोय, वहिनी? चाक असेल तुमचं. तेल घाला त्याला."

"माझी गाडी कुरकुरते, टक् करत नाही. गाडीचा आणि तुमच्या दादांचा, दोन्ही आवाज मला पाठ आहेत."

ती नवऱ्याला घेऊनच आली. फिटर वाकून बराच वेळ बघत राहिला. रेघेला मधोमध पायरी पडली होती. त्याने पुलाच्या दोन्ही टोकांना दोर बांधून वाट बंद केली.

"पडला असता का हो?" बायकोने विचारले.

"लगेच नाही. पण सांधा रोज असा मागेपुढे सरकत राहिला, तर बोल्ट एकेक करून तुटतात. मग शेवटचा कोणत्या गाडीला तुटेल, ते काही सांगता येत नाही."

रोज पहिली गाडी कोणाची, हे तिघांनाही ठाऊक होते.

खालून टेकू देऊन सांधा उघडला. पट्टीच्या आतल्या बाजूला हिरवा, गुळगुळीत, चकचकीत रंग!

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. "दादा, मीच मारला होता. पूल बांधताना, तू यायच्या आधी. म्हटलं, आत गंज नको."

"आतली बाजू कोरी ठेवायची असते रे. तिचा खरखरीतपणाच तर धरतो." फिटर हळू आवाजात म्हणाला, "आणि मी पट्टी उलटून बघितली नाही. ती चूक माझी."

त्या रंगाने पकड पहिल्यापासून कच्ची होती. वर्षानुवर्षे दाबाखाली तो थर बसत गेला आणि तेवढा मीही सैलावलो.

तसे आणखी तीन सांधे होते. रंगाऱ्याने नऊ दिवस खपून सगळ्यांचा रंग खरवडून काढला. वहिनी लांबच्या रस्त्याने गाडी ढकलत जायची. ती त्याला एका शब्दाने बोलली नाही, तेच त्याला जास्त लागले.

दहाव्या दिवशी नवे बोल्ट आवळले, नव्या रेघा ओढल्या. वहिनीने भरलेली गाडी रंगाऱ्यापुढे आणून ठेवली.

"भाऊजी, आधी तुम्ही."

तो मधोमध गेला आणि कान देऊन थांबला. परत दोन पावले पुढे, दोन मागे. चाक कुरकुरले. बाकी काही नाही.

"तेल मात्र घालायलाच हवं, वहिनी," तो म्हणाला आणि कठडा धरून तिथेच खाली बसला.

मला पुन्हा बसवले नाही. एकदा पुरत्या ताणलेल्या बोल्टवर पुन्हा भरवसा ठेवत नाहीत. रंगाऱ्याने मला उचलून पेटीत ठेवले. आता नव्या कामावर पहिला डबा उघडण्याआधी तो मला हातात घेतो आणि फिटरला विचारतो, "दादा, रंग कुठे नको?"

मित्रांनो, एखाद्या वस्तूची काळजी घ्यायला जाल, तेव्हा ती कशाच्या बळावर उभी आहे ते आधी जाणत्याला विचारा. एवढेच मागतो. मला आता कोणी ओढत नाही, आराम आहे. तरी बाहेरून एखादी भरलेली गाडी गेली की मी अजून धरून ठेवायला बघतो. धरायला काही नसते.